गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांनी आईला फसवलं. घरी एकट्या राहणाऱ्यांनी काय करावं?

पुण्याची_नागपूरकर
नमस्कार मंडळी. लिहू की नको यात दोन आठवडे गेले. आई म्हणाली, "चारचौघांत सांगू नको." पण दुसऱ्या कोणाच्या आईवर ही वेळ येऊ नये म्हणून तिला विचारूनच लिहितेय.

आई नागपुरात त्रिमूर्तीनगरात एकटी राहते. वय 71. बाबांनी बांधलेलं घर, वर 30 बाय 30 ची गच्ची. मे महिन्याच्या शेवटी दोन जण दारात आले. अंगात एकसारखे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. "काकू, मागच्या गल्लीत काम सुरू आहे. तिथून तुमच्या गच्चीची भेग दिसली म्हणून सांगायला आलो." आई त्यांना वर घेऊन गेली. त्यांनी एका छोट्या यंत्राच्या दोन सुया पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यात टेकवल्या. यंत्र वाजायला लागलं, आकडा लाल. मग खाली बेडरूमच्या छताला हातोडीने ठोकलं, प्लास्टरचा खपला पडला. "सळई गंजली आहे. या पावसाळ्यात काही झालं तर आम्हाला बोल लावू नका."

घाबरवलंच तिला. 70 रुपये फुटाने भाव ठरला. त्यांनी मोजलं आणि 1,240 फूट लिहिलं. 30 बाय 30 म्हणजे 900, हे तिला त्या क्षणी सुचलं नाही. बिल 86,800. पहिल्या दिवशी 50,000 रोख, दुसऱ्या दिवशी 30,000 चा चेक, आणि वरचे 6,800 "काकू, तुमच्यासाठी सोडले". दीड दिवसात काम उरकून निघून गेले. 10 वर्षांची हमी, रंगीत कागदावर.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात जिथे कधीच गळत नव्हतं तिथेही ओल आली. फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर मावसभाऊ जाऊन आला, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

दोन प्रश्न. पैसे परत मिळण्याचा काही मार्ग आहे का? आणि आम्ही मुलं बाहेरगावी असताना आईसारख्यांनी स्वतःला जपायचं कसं?

खामल्याचा_बबलू
ताई, यंत्र टेकवायच्या आधी त्यांनी कोपऱ्यात ओलं फडकं फिरवलं होतं का, तेवढं काकूंना विचारा.

पुण्याची_नागपूरकर
आत्ताच फोन केला. हो. "धूळ पुसतो" म्हणाले होते. तुम्हाला कसं कळलं?

खामल्याचा_बबलू
आमच्या काकाकडे हेच झालं. त्या सुया जागेतून वीज किती सहज वाहते ते मोजतात. जागा ओली की आकडा चढलाच. मेच्या उन्हात तापलेल्या गच्चीवरसुद्धा ओलं फडकं फिरवलं की यंत्र बोंबलतंच.

महालातली_सून
अगदी असंच पाण्याच्या फिल्टरवाल्यांचं. आमच्या वाड्यात एक जण आला. दोन ग्लास घेतले, एकात नळाचं पाणी, एकात स्वतःच्या बाटलीतलं. दोन्हींत लोखंडी दांड्या सोडून वीज लावली. मिनिटभरात नळाचं पाणी विटकरी, वर घाण तवंग. सासूबाई तर हबकल्या. "आई, हे तुम्ही रोज पिता."

माझ्या दिराने बीएस्सी केलंय. तो म्हणाला, हा रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, दांडीच्या लोखंडाचा आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि लोखंड गंजून पाण्यात उतरतं. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते तसंच राहतं. त्याने त्या माणसासमोरच फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाला, आता लावा. तेही विटकरी झालं! माणसाने पटापट सामान आवरलं.

निवृत्त_अभियंता_प्रतापनगर
ताई, आधी आईंना सांगा की स्लॅब पडणार वगैरे काही नाही. त्या काळच्या घराच्या छताचा खपला हातोडीने कुठेही पडेल. सळई खरंच गंजली असेल तर ती आधी फुगते, प्लास्टरला सळईच्या रेषेत सरळ भेग पडते आणि तांबूस डाग येतो. तसं दिसलं तर घाबरा.

गच्ची गळते ती बहुतेक वेळा मधून नाही, कडेने. तीन जागा बघायच्या. पॅरापेट आणि स्लॅबचा सांधा, पावसाळी पाइपचं तोंड, आणि जुन्या कोब्याचा, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराचा, उतार. कोबा पोकळ झालाय का ते रुपयाच्या नाण्याने ठोकत फिरलं की कळतं, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक घरच्या बाईलाही समजतो. यासाठी कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही.

आता त्यांनी काय केलं असेल ते सांगतो. असल्या कोटिंगच्या डब्यावर एक लिटर किती फुटांना पुरतं ते छापलेलं असतं. साधारण दोन हातांत 20 ते 25 चौरस फूट. म्हणजे 900 फुटांना 20 लिटरचे दोन डबे तरी रिकामे व्हायला हवेत. घरी किती रिकामे डबे आहेत ते बघा. शिवाय कोटिंगच्या आधी भेगा चरून भरणं, सांध्यात सिमेंटचा वाटा (गोलाई) करणं, गच्ची घासून धुऊन कोरडी करणं, एवढं असतं. दीड दिवसात हे होत नाही. आणि मेच्या अखेरीस भर दुपारी 45 अंशांत कोटिंग मारलं तर ते वरून सुकतं, खाली धरत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. आपल्याकडे हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं, सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर.

काम झालं की पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी तुंबवायचं, 48 तास. खाली ओल आली नाही तर काम झालं. मात्र एक सावधगिरी. 4 इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 100 किलो वजन. घर जुनं असेल तर आधी जाणकाराला स्लॅब दाखवा, आणि दीड-दोन इंचांवर भागवा.

पुण्याची_नागपूरकर
काका, मनापासून आभार. डबा एकच आहे, 20 लिटरचा. बिलात चार लिहिलेत.

गवंड्याचा_पोरगा
मी हुडकेश्वरचा. बाप गवंडी, मी बी तेच करतो. ताई, तुमच्या आईसोबत झालं ते लय वाईट झालं, वाचून राग आला. पण धागा आता "सगळे मिस्त्री चोर" या दिशेनं जाऊ नये म्हणून लिहून राहिलो.

आमी सकाळी ठिय्यावर उभे राहतो. सातला आलो, अकरापर्यंत कोणी नेलं नाही तर त्या दिवसाची चूल कशी पेटवायची? असे टी-शर्ट घालून, फाइल घेऊन फिरणारे हे आमच्यातले नाहीत. त्यांच्या हातावर पाहा, सिमेंटचा एक चरा नसतो. काम ते ठिय्यावरून माणसं नेऊनच करून घेतात, अन् त्यांचेही पैसे बुडवतात. माझे स्वतःचे 2,400 असेच गेले.

आणि दुसरी बाजू बी ऐका. काम चोख झाल्यावर शेवटचे पैसे अडवणारे घरमालक मी लय पाहिले. "टाइल जरा वाकडी दिसते", "पुढच्या महिन्यात बघू". शेवटचा हप्ता हेच आमचं सगळं कमावणं असते, आधीचं मजुरीत अन् मालात जाते.

नंदनवन_4थी_गल्ली
भाऊ, तुमचं पटलं. पण आमच्यासारख्यांकडे शेवटचा हप्ता सोडून दुसरं हत्यारच नाही ना. माझ्या स्वयंपाकघराच्या फर्निचरचे 90 टक्के पैसे मी आधीच दिले. वॉटरप्रूफ प्लाय ठरला होता, आयएस 710 या भारतीय मानकाचा. फळ्यांवर शिक्काही होता. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची फळी पोळीसारखी फुगली. उरलेला तुकडा सुताराच्या सांगण्यावरून पातेल्यात उकळला. 710 च्या प्लायला 72 तास उकळून सोलला जाता कामा नये असं मानक आहे. आमच्या तुकड्याचे थर तासाभरात वेगळे झाले.

नंतर कळलं की आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल आणि पुढे परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. आमच्या फळीवर क्रमांकच नव्हता, नुसता 710 चा ठसा. वायरच्या गुंडाळीलाही हेच लागू. सोबत मीटर मोजून घ्या, गुंडाळी बहुतेकदा 90 मीटरची असते.

संत्रा_बर्फी
मी तर म्हणते माल स्वतःच आणावा. रंगाच्या कामात मी डबे स्वतः आणले, झाकणं माझ्यासमोर उघडायला लावली. रंगारी म्हणाला, "ताई, डब्यातलं कंपनीच्या बक्षिसाचं टोकन मला देजा." म्हटलं घ्या बापा, टोकन तुमचं, रंग माझा. दोघंही खूश.

निवृत्त_अभियंता_प्रतापनगर
रंगात चालतं ते. वॉटरप्रूफिंगमध्ये माल तुमचा आणि हात त्याचा असं झालं की गळल्यावर तो म्हणतो माल वाईट होता, आणि दुकानदार म्हणतो हात वाईट होता. तिथे माल-मजुरी एकाकडेच द्या, पण डबे तुमच्या अंगणात उतरवून घ्या, बॅच नंबरचा फोटो काढा आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत हलू देऊ नका.

रंगाचं मापही समजून घ्या. 10 बाय 10 ची खोली, उंची 10, तर भिंती 400 आणि छत 100, एकूण 500 फूट. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही ते आधीच लिहून ठेवा. सगळा घोळ तिथेच होतो.

कन्हानकाठ
थोडं विषयांतर. घर बांधणाऱ्यांसाठी रेतीचं सांगतो. ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, रेतीची उंची फुटांत मोजा, गुणा, 100 ने भागा. उंची मधल्या ढिगाची नाही, चारही कोपऱ्यांत सळई खुपसून घ्या आणि सरासरी काढा. दुसरं म्हणजे ओलसर रेती फुगते. तीच रेती कोरडी असताना चार भाग असेल तर ओलसर झाल्यावर पाच भाग दिसू शकते. रात्री पाणी मारून सकाळी आणलेली गाडी तुम्हाला भरलेली दिसते, आणि उन्हात वाळली की ढीग खाली बसतो. माझ्या तीन गाड्यांत जवळजवळ अर्धी गाडी अशीच हवेत गेली.

बोअर_400_फूट
बोअरचंही लिहा. मीटर नसतो, आपण फक्त रॉड मोजू शकतो. आत जाणारा प्रत्येक रॉड आणि केसिंगचा प्रत्येक पाइप खडूने दारावर रेघ मारून मोजा, एकाची लांबी टेपने आधीच मोजून ठेवा. आमच्याकडे रात्री दोनला मशीन आलं, बाबा झोपले, सकाळी सांगितलं 400 फूट. मोटर सोडायला आलेल्या माणसाची दोरी 310 ला टेकली.

अंबाझरी_परिसर
23 सप्टेंबर 2023 ची पहाट आमच्या भागातलं कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरात शिरलं, तळमजल्यावर छातीपर्यंत. चिखल काढायला मित्रमंडळी, अनोळखी पोरंसुद्धा धावून आली. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुसरी माणसं यायला लागली. "वायरिंग ओलं आहे, आजच बदललं नाही तर शॉक लागेल." "नुकसानभरपाईचा फॉर्म आम्ही भरून देतो, 1,500 द्या." शेजारच्या आजोबांनी वायरिंगसाठी 40,000 दिले. नंतर आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडले तर आत जुन्याच वायरी, फक्त स्विचच्या पाट्या नव्या.

माणूस खचलेला असतो ना, तेव्हा "आजच" हा शब्द कानात बसतो. ताई, तुमच्या आईलाही त्यांनी "या पावसाळ्यात" म्हणूनच गाठलं.

छतावर_सूर्य
आता जोर सोलरचा आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, तेव्हापासून रोज फोन. एवढंच लक्षात ठेवा. केंद्राचं अनुदान 2 किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 आणि 3 किलोवॉट किंवा जास्तीला एकूण 78,000. ते यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. ते "सोडवून देण्यासाठी" कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. विक्रेता पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. पॅनल देशी बनावटीचे, म्हणजे डीसीआर, नसतील तर अनुदानच मिळत नाही. माझ्या साडूला स्वस्तातले दुसरेच पॅनल बसवून दिले आणि अनुदानाची आशा दाखवत राहिले.

कोर्टकचेरी_सिव्हिल_लाइन्स
वकिली करतो, म्हणून ताईंच्या पहिल्या प्रश्नावर.

एक. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोगात तक्रार करता येते. 50 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेचे वाद तिथे चालतात, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य. मुदत 2 वर्षं. समोरचा कुठलाही असो, आई नागपुरात राहतात म्हणून तक्रार नागपुरातच करता येते. वकील लागतोच असं नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पण समोरच्याचा पत्ताच खोटा असेल तर आयोगाची नोटीस जाणार कुठे? म्हणून दुसरा मुद्दा महत्त्वाचा.

दोन. तो 30,000 चा चेक! तो कोणाच्या खात्यात वटला हे बँकेला माहीत असतं, आणि खातं केवायसीशिवाय नसतं. आईंच्या बँकेत अर्ज द्या, आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, जुनं 420. खोटा पत्ता, खोटं माप, एकाच्या जागी चार डबे, हे सगळं तक्रारीत आकड्यांसह लिहा. गच्चीचं माप कोणा अभियंत्याकडून लेखी घ्या.

पैसे ऑनलाइन गेले असते तर मी पहिल्या तासात 1930 ला फोन करा म्हटलं असतं.

आणि सगळ्यांसाठी: "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पावतीवर 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका, नाव आणि पत्ता समोर येतो. महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू होतो.

पुण्याची_नागपूरकर
पावतीवर क्रमांक आहे. आत्ता टाकून बघितला. दुसऱ्याच राज्यातल्या कापडाच्या दुकानाचा निघाला.

चेकचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. उद्याच मावसभावाला पाठवते.

सत्तरीतली_आजी
मुली, मी कधी लिहीत नाही, नातू टाइप करून देतोय. माझ्याकडे उधई (वाळवी) मारायला आले होते. देव्हाऱ्याच्या मागे फवारलं, वास रॉकेलचा. तीन दिवसांनी उधई तशीच. 18,000 गेले. मी मुलाला आज तागायत सांगितलं नाही. हे वाचल्यावर त्याला कळेल, कळू दे.

का नाही सांगितलं? तो म्हणाला असता, "आई, मला विचारायचं ना." आणि त्यानंतर दर महिन्याला पैशांचा हिशोब विचारला असता. मग म्हणाला असता, आता एकटी राहू नको. माझं घर माझ्या हातून जाईल अशी भीती वाटते गं. त्या माणसांना हे बरोबर ठाऊक असतं. पैसे गेल्याचं दुःख महिन्याभरात सरतं. पोरांसमोर आपण आता बिनकामाचे ठरलो, हे सरत नाही.

तुझ्या आईने तुला सांगितलं, हे किती मोठं आहे बघ.

पुण्याची_नागपूरकर
आजी, मला खूप रडू आलं. खरं सांगते, मी आईवर पहिल्या फोनला ओरडलेच होते. "80,000! तुला एकदा फोन करता आला नाही?" तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलत होती. आज तिला तुमचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "या बाईंना माझा नमस्कार सांग."

गवंड्याचा_पोरगा
आजी, जमिनीत सोडायची वाळवीची दवा पाण्यात मिसळतात, रॉकेलात नाही. भिंतीलगत फूट-फूट अंतरावर छिद्रं पाडून आत सोडावी लागते. वरून फवारून उधई जात नाही, ती जमिनीतून येते. आमच्या वस्तीत एक चांगला माणूस आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा सोबत घेऊन येतो. पैसे काम झाल्यावर.

नंदनवन_4थी_गल्ली
भाऊ, शेवटच्या हप्त्याचा वाद अर्धवट राहिला. तुम्हीच सांगा, मधला मार्ग कोणता?

गवंड्याचा_पोरगा
मजुरी दर शनिवारी चुकती करा, ती कधी अडवू नका. ॲडव्हान्स मालापुरताच, अन् माल उतरल्यावर. वॉटरप्रूफिंग असंन तर 10 टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत ठेवा, तारीख लिहून. पाऊस पडला, गळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून द्या. आम्हाला मागायला लावू नका. एवढं केलं तर चांगला मिस्त्री कधीच नाही म्हणत नाही, अन् चोर पहिल्याच दिवशी पळून जाते.

निवृत्त_अभियंता_प्रतापनगर
याहून चांगला करार मी 34 वर्षांच्या नोकरीत लिहिला नाही.

पुण्याची_नागपूरकर
(नऊ दिवसांनी) काय झालं ते सांगते. बँकेने पोलिसांच्या पत्रावर खातेदाराचं नाव दिलं. ठाण्यातून फोन गेल्यावर त्या माणसाचाच आईला फोन आला, "काकू, 30,000 परत करतो, तक्रार मागे घ्या."

कोर्टकचेरी_सिव्हिल_लाइन्स
पैसे फक्त आईंच्या बँक खात्यात घ्या. घरी भेटायला येऊ देऊ नका. "माझी काही तक्रार नाही" असं काहीही लिहून देऊ नका, 50,000 अजून बाकी आहेत. तो फोन कधी आला, कोणत्या नंबरवरून, काय म्हणाला, हे आजच तारखेसह लिहून ठाण्यात द्या.

पुण्याची_नागपूरकर
आईने ते सगळं आधीच वहीत लिहून ठेवलंय! वेळ, नंबर, शब्दन् शब्द. आणि दाराच्या आतल्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय. "आज नाही. दोन दिवसांनी या. मुलीशी बोलून सांगते." दारात कोणी आलं की तोच वाचून दाखवते. ही कल्पना तिची, माझी नाही.

निवृत्त अभियंता काका, गच्ची अजून गळतेच आहे. काल रात्रीच्या पावसात ती टॉर्च घेऊन उभी होती, ओल पाइपच्या तोंडाजवळून सुरू होते म्हणाली.

निवृत्त_अभियंता_प्रतापनगर
बरोबर हेरलं त्यांनी. प्रतापनगरहून त्रिमूर्तीनगर कितीसं लांब. रविवारी सकाळी आठला येतो, तोवर पाइपच्या तोंडातला कचरा काढून ठेवा. हुडकेश्वरच्या भाऊंना वेळ असेल तर तेही येऊ देत.

गवंड्याचा_पोरगा
येतो ना. थापी, नाणं अन् दोरी घेऊन येतो. काकूंना सांगा, बघायचे पैसे नाहीत, चहा चालंन.